पत्त्याची पाठ

पत्त्यांच्या खेळात सर्वांचे लक्ष वेधून घेते ते पानाचे तोंड. राजा, राणी, गुलाम, एक्का यांचा मान मोठा. मराठी भाषेनेही 'हुकमाचा एक्का' या शब्दांना व्यवहारात कायमचे स्थान दिले आहे. पानाच्या पाठीकडे मात्र कोणी फारसे पाहत नाही. आणि ते पाहत नाहीत, यातच त्या पाठीचे यश आहे. जोडातील एका जरी पानाची पाठ इतरांहून वेगळी ओळखू आली, तर तोंडावरचा राजा गुप्त राहत नाही आणि खेळ तेथेच संपतो. खेळाचे नियम तोंडावर लिहिलेले असतात, पण खेळाचा प्रामाणिकपणा पाठीवर अवलंबून असतो. ही पाठ एकसारखी कशी करावी, या साध्या प्रश्नाला इटलीतील कारागिरांनी एक उत्तर दिले आणि हिंदुस्थानातील चिताऱ्यांनी अगदी वेगळे. त्या दोन उत्तरांचा इतिहास पाहू लागले, म्हणजे सुरतेचे बंदर आणि सावंतवाडीची चितारआळी या दोन्ही स्थळांशी येऊन थांबावे लागते.

पत्ते युरोपात पूर्वेकडून गेले. १३७७ साली फ्लॉरेन्सच्या नगरशासनाने 'नाइब्बे' नावाच्या नव्या खेळाला बंदी केली. व्हितेर्बो शहराच्या बखरीत १३७९ सालाखाली अशी नोंद आहे, की सारासेनांच्या, म्हणजे मुसलमानांच्या, देशातून 'नाइब' हा खेळ येथे आला. 'नाइब' हा शब्द आपल्या ओळखीचा आहे. तो म्हणजे 'नायब'. इजिप्तमधील मामलुक सुलतानांच्या काळातील पत्त्यांचा एक जोड इस्तंबूलच्या तोपकापी राजवाड्यात आहे. १९३१ साली तो अभ्यासकांच्या नजरेस आला. त्यात नाणी, पेले, तलवारी आणि चौगानाच्या काठ्या असे चार रंग असून राजाच्या हाताखाली नायब आणि दुय्यम नायब आहेत. इटलीच्या जुन्या पत्त्यांतही नाणी, पेले आणि तलवारी जशाच्या तशा आढळतात. युरोपात चौगान कोणी खेळत नसे, म्हणून त्या काठ्यांचे तेवढे सोटे झाले.

प्रारंभीचे हे पत्ते हाताने रंगवलेले असत. पंधराव्या शतकाच्या मध्यास मिलानच्या व्हिस्कोन्ती आणि स्फोर्झा घराण्यांसाठी रंगवलेले पत्ते आजही ग्रंथालयांत व संग्रहालयांत जपलेले आहेत. त्यांच्या तोंडांवर सोन्याचा वर्ख चढवलेला आहे, पण पाठी मात्र एकरंगी आणि साध्या आहेत. एवढा खर्च करणाऱ्या राजांनी पाठीवर एखादी वेलबुट्टी का काढून घेतली नाही? कारण उघड आहे. हाताने काढलेली वेल दुसऱ्या पानावर तंतोतंत तशीच उतरत नाही. एखादे पान किंचित मोठे होते, एखादी रेघ तुटते, आणि चाणाक्ष खेळाडूला तेवढी खूण पुरते. चित्रकाराचा हात जेथे आपले वैशिष्ट्य दाखवतो, तेथे जुगाऱ्याचे फावते.

ही अडचण दूर केली ती लाकडी ठशाने. राजाला सोन्याचा पत्ता परवडतो, पण सैनिक, खलाशी आणि दुकानदार यांना स्वस्त पत्ते हवे होते. त्यासाठी पंधराव्या शतकात लाकडाच्या फळीवर चित्र कोरून, शाई लावून, कागदावर छापण्याची रीत रूढ झाली. एका तावावर अनेक पाने उमटत, मग कातरलेल्या साच्यांतून त्यांत रंग भरला जाई. हा धंदा इतका वाढला, की बाहेरच्या मालाने गावातले कारागीर बुडू लागले. १४४१ साली व्हेनिसच्या शासनाने हुकूम काढून बाहेरून छापून आणलेले पत्ते आणि चित्रे शहरात आणण्यास मनाई केली. आपल्या शहरातील छपाईची कला नष्ट होऊ नये, हे त्यामागचे कारण होते. पुढे सावंतवाडीच्या चिताऱ्यांचे काय झाले ते पाहताना या हुकुमाची आठवण ठेवावी लागेल.

एकदा ठसा हाती आल्यावर इटलीच्या कारागिरांचे लक्ष पाठीकडे गेले. पत्ता एका कागदाचा होत नसे. दोन-तीन कागद खळीने एकमेकांवर चिकटवून तो कडक करावा लागे. मागच्या बाजूचा कागद त्यांनी पुढच्यापेक्षा थोडा मोठा कापला, त्यावर लाकडी ठशाने नक्षी छापली आणि त्याच्या चारही कडा पुढे वळवून तोंडावर चिकटवल्या. त्यामुळे पानाच्या कडा फाटत नसत, थर सुटत नसत आणि तोंडाभोवती आपोआप एक सुबक चौकट तयार होई. उपयोग आणि शोभा यांचा असा मेळ साध्या वस्तूंत क्वचितच पाहावयास मिळतो.

या पाठींवरील नक्षी नाना प्रकारची आहे. कोठे जाळी आणि चौकडे, कोठे तारे आणि फुले, कोठे एखाद्या घराण्याचे वा नगराचे चिन्ह, कोठे उभी मानवाकृती, तर कोठे कारागिराचे किंवा त्याच्या दुकानाचे नाव. ही नक्षी केवळ हौसेखातर नव्हती. कोऱ्या पांढऱ्या पाठीवर बोटाचा डाग, तेलाचा थेंब, नखाची ओरखड लगेच दिसते, पण दाट जाळीत तो डाग हरवून जातो. ठसा एकच असल्यामुळे नक्षी प्रत्येक पानावर तीच. कारागिराचे नाव पाठीवर असल्यामुळे तो माल कोणाचा, हेही सर्वांना कळे. यात एकच उणेपणा राहिला. उभ्या मानवाकृतीला डोके आणि पाय असतात, त्यामुळे लबाड खेळाडू एखादे पान उलटे ठेवून त्याची खूण करू शके. जाळीच्या नक्षीत तीही सोय राहत नसे.

फ्रान्स आणि इंग्लंड येथील कारागिरांनी मात्र दीर्घकाळ पाठी पांढऱ्याच ठेवल्या. त्याचा परिणाम मौजेचा झाला. जुन्या पत्त्यांच्या कोऱ्या पाठी लोक चिठ्ठ्या, निमंत्रणे आणि हिशेब लिहिण्यास वापरू लागले. १६८५ साली कॅनडातील फ्रेंच वसाहतीत सैनिकांचे पगार देण्यास नाणी उरली नाहीत, तेव्हा तेथील प्रमुख अधिकारी झाक द म्यूल याने पत्ते गोळा करून त्यांवर रक्कम आणि सही घालून त्यांचाच चलन म्हणून उपयोग केला. कोरी पाठ राज्याच्या उपयोगी पडली, पण खेळाडूच्या दृष्टीने छापील पाठ अधिक विश्वासाची होती.

आता प्रश्न असा, की लाकडी ठशाची ही विद्या इटलीला सुचली कोठून? कागदावर ठसे उमटण्यापूर्वी ते कापडावर उमटत होते. चेन्नीनो चेन्नीनी या इटालियन चित्रकाराने १४०० च्या सुमारास लिहिलेल्या कलाविषयक ग्रंथात लाकडी ठशाने कापड कसे छापावे याचे वर्णन आहे. आणि कापडावरील ठशांचा विषय निघाला, की गुजरातचे नाव घ्यावेच लागते. इजिप्तमध्ये जुन्या कैरोजवळ फुस्तात येथे ठशांनी छापलेल्या सुती कापडाचे असंख्य तुकडे सापडले. ते गुजरातेतून गेलेले आहेत. ऑक्सफर्डच्या अॅशमोलियन संग्रहालयात अशा तुकड्यांची संख्या सुमारे १२०० आहे. त्यांतील काहींचे वय हजार वर्षांच्या घरात जाते. ज्या इजिप्तमधून पत्ते इटलीस गेले, त्याच इजिप्तच्या बाजारात गुजरातच्या छिप्यांनी उमटवलेली फुले, जाळ्या आणि हंसांच्या रांगा विकल्या जात होत्या. म्हणून गुजराती छिप्याने इटालियन कारागिराला धडा दिला असे म्हणता येणार नाही, कारण युरोपची कापडछपाईही जुनी आहे. परंतु एक गोष्ट निश्चित आहे. एकच आकृती शेकडो वेळा न चुकता उमटवण्याची विद्या हिंदुस्थानला परकी नव्हती. इटलीत ती पत्त्याच्या पाठीवर चढण्याच्या कितीतरी आधी गुजरातेत ती सागवानी ठशांतून नित्य चालत होती.

त्या काळी हा माल भडोच आणि खंबायतेच्या बंदरांतून जाई. सुरतेचा उदय नंतरचा. १५७३ साली अकबराने गुजरात जिंकला, खंबायतेचे आखात गाळाने भरत गेले आणि तापीकाठचे सुरत हे मोगल साम्राज्याचे मोठे बंदर बनले. १६१३ साली इंग्रजांना आणि त्यानंतर थोड्याच वर्षांत डचांना तेथे वखारी घालता आल्या. इटालियन प्रवासी पिएत्रो देल्ला व्हाल्ले १६२३ साली सुरतेस उतरला आणि व्हेनिसचा निकोलाओ मनुची १६५६ साली. छापील पत्त्यांच्या देशातील माणसे आणि छापील कापडाच्या देशातील माणसे या शहरात रोज समोरासमोर येत होती.

हिंदुस्थानात तेव्हा पत्त्यांचा खेळ नव्हता असे नाही. येथे गंजिफा होता. बाबराने १५२७ साली सिंधच्या शाह हसनकडे त्याच्या मागणीवरून गंजिफा पाठवल्याचा उल्लेख त्याच्या आत्मवृत्तात आहे. अबुल फजलाने 'ऐने अकबरी'त अकबराच्या दरबारातील गंजिफ्याचे वर्णन केले आहे. मोगली गंजिफ्यात ८ रंग आणि ९६ पाने, तर हिंदू परंपरेच्या दशावतारी गंजिफ्यात १० रंग आणि १२० पाने असतात. प्रत्येक रंगात राजा, प्रधान आणि एक्क्यापासून दशकापर्यंत दहा पाने. तिघे खेळाडू बसले, की दशावतारी जोडातील प्रत्येकाच्या वाट्याला ४० पाने येतात. दिवसा डाव रामाने सुरू होतो आणि रात्री कृष्णाने. श्रीमंतांसाठी हस्तिदंत आणि कासवाची पाठ वापरीत. त्या कामाला दरबारी कलम म्हणत. सामान्यांसाठी कापड आणि कागद. ते बाजारी कलम.

गंजिफ्याचे पान वाटोळे असते आणि ते हाताने रंगवलेले असते. मग पाठीचा प्रश्न येथे कसा सुटला? आपल्या चिताऱ्यांनी पाठीवर नक्षी काढलीच नाही. साधारणतः साऱ्या पानांची पाठ एकाच रंगात रंगवून तीवर लाखेचे चकचकीत लुकण चढवले जाई. डाग पडला तर पुसून काढावा. वाटोळ्या पानाला वरचे-खालचे टोक नसल्यामुळे ते उलटे ठेवून खूण करण्याचीही सोय नाही. इटलीच्या कारागिराने नक्षी इतकी एकसारखी केली, की तिच्यात भेद उरला नाही. आपल्या चिताऱ्याने नक्षीच वगळून भेदाचे कारण नाहीसे केले. दोन्ही उत्तरे बुद्धीची आहेत. फरक आहे तो त्यांच्या मागच्या हत्यारात. एकाच्या हाती ठसा होता, दुसऱ्याच्या हाती कुंचला.

येथे विचार करण्याजोगी गोष्ट ही, की ठसा आपल्याकडेही होता. छिप्याचा ठसा कापडावर चालत राहिला आणि कागदाकडे वळला नाही. त्याला कागदाकडे वळवण्याचा एक प्रयत्न सुरतेतच झाला. इंग्रज कंपनीचा सुरतेतील दलाल भीमजी पारेख हा दूरदृष्टीचा व्यापारी. १६६९ साली काजीच्या जुलमाविरुद्ध सुमारे ८००० वाण्यांनी सुरत सोडून भडोचेस प्रस्थान ठेवले, त्यांचा हा पुढारी. आपल्या देशातील प्राचीन ग्रंथ छापावेत अशी त्याची इच्छा होती. त्याने कंपनीकडे मुद्रकाची मागणी केली आणि १६७४ साली हेन्री हिल्स हा मुद्रक छपाईच्या सामग्रीसह येथे आला. परंतु हिल्सला छापता येत होते, अक्षरे कोरता येत नव्हती. इंग्रजी खिळ्यांनी देशी अक्षर उमटणार कसे? तेव्हा भीमजीच्या स्वतःच्या माणसांनी अक्षरे तयार करून काही कागद छापून पाहिले आणि ते वाचण्याजोगे चांगले उमटले, असे सुरतेच्या वखारवाल्यांनी १६७६ साली विलायतेस कळवले. म्हणजे उणीव हाताची नव्हती. उणीव होती ती खर्च सोसून तो उद्योग चालू ठेवणाऱ्या पाठबळाची. त्यातून परंपरा उभी राहिली नाही. सुरतेतच १७८७ साली जन्मलेल्या फर्दुनजी मर्झबानने १८१२ साली मुंबईत गुजराती छापखाना काढला, तोपर्यंत सव्वाशेहून अधिक वर्षे निघून गेली होती.

मधल्या काळात परदेशी पत्ते आपल्या किनाऱ्यावर रुजले. त्याची साक्ष भाषाच देते. मराठीतील 'किलवर' हा शब्द डच 'क्लाव्हर'शी जुळतो आणि 'तुरूप' हा 'त्रूफ'शी. बंगालीतील 'हरतन', 'रुइतन', 'इस्कापन' ही रंगांची नावेही डच भाषेतूनच आली. डचांची वखार सुरतेस होती, बंगालात चिनसुऱ्यास होती आणि १६३७ पासून वेंगुर्ल्यासही होती. त्या वेंगुर्ल्यापासून काही कोसांवर सावंतवाडी आहे आणि गंजिफ्याचे महाराष्ट्रातील घर तेच.

सावंतवाडीस गंजिफा रुजला तो तिसऱ्या खेम सावंतांच्या कारकीर्दीत, म्हणजे १७५५ ते १८०३ या काळात, असे परंपरा सांगते. तेथील चिताऱ्यांनी कागदाचे वा कापडाचे थर चिंचोक्याच्या खळीने जोडून, त्यांवर खडूचा लेप देऊन, घोटून, रंगवून आणि लाखेने झळाळी आणून दशावतारी जोड तयार केले. रंगीत पेटीत ठेवलेली ती १२० वाटोळी पाने म्हणजे दशावताराची एक लहानशी चित्रशाळाच होती.

पण एकोणिसाव्या शतकात छापील पत्त्याने निर्णायक आघाडी घेतली. लंडनच्या डी ला रू कंपनीने १८३० च्या दशकात यंत्राने पत्ते छापण्यास आरंभ केला आणि इंग्लंडमधील पांढऱ्या पाठींचा काळ सरला. १८४४ पासून ओवेन जोन्स हा नामांकित नक्षीकार त्या कंपनीसाठी पाठींच्या आकृत्या काढू लागला. याच जोन्सने १८५६ साली प्रसिद्ध केलेल्या अलंकरणावरील ग्रंथात हिंदी नक्षीची मुक्तकंठाने स्तुती केली आहे. इंग्रज कारखानदार आपल्या उत्तम प्रतीच्या पत्त्यांना 'ग्रेट मोगल' म्हणत आणि वेष्टनावर मोगल बादशहाचे चित्र छापीत. ज्या बादशहांच्या दरबारी हाताने रंगवलेला गंजिफा होता, त्यांच्या नावाने विलायती छापील पत्ता खपत होता!

त्याच शतकात सुरतेचे कारागीर एकसारखेपणाची आपली आणखी एक विद्या जोपासत होते. ती म्हणजे सादेली. इराणातील शिराझहून ती आली असे मानतात. हस्तिदंत, शिंग, लाकूड आणि कथील यांच्या बारीक काड्या एकत्र बांधून चिकटवावयाच्या आणि त्या जुडीचे आडवे पातळ काप काढावयाचे. प्रत्येक कापावर तीच चांदणी, तीच जाळी. हे काप पेट्यांवर आणि इंग्रज स्त्री-पुरुषांची भेटपत्रे ठेवण्याच्या चपट्या डब्यांवर बसवले जात. इटालियन पत्त्याच्या पाठीवर शोभली असती अशी नक्षी सुरतेत अशा रीतीने तयार होत होती, पण ती खेळाच्या पानावर न जाता साहेबाच्या डब्यावर गेली. कौशल्य होते, हात होते, नक्षी होती. या साऱ्यांना स्वस्त आणि सर्वांच्या उपयोगाच्या वस्तूकडे वळवणारी व्यवस्था तेवढी नव्हती.

स्वस्त छापील पत्त्यासमोर गंजिफा टिकला नाही यात आश्चर्य नाही. एक जोड रंगवण्यास चिताऱ्याला कित्येक दिवस लागत, तर यंत्रातून तेवढ्या वेळात हजारो जोड बाहेर पडत. १४४१ साली व्हेनिसच्या शासनाने आपल्या कारागिरांभोवती हुकुमाचे कुंपण घातले होते. परक्यांच्या राज्यात सावंतवाडीच्या, मैसूरच्या, ओरिसाच्या वा बिष्णुपूरच्या चिताऱ्यांसाठी असा हुकूम कोण काढणार? एकामागून एक घरांनी कुंचला खाली ठेवला. विसाव्या शतकाच्या मध्यानंतर सावंतवाडीत ही कला जाणणारे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके उरले. १९७० च्या दशकाच्या आरंभी राजेसाहेब शिवरामराजे भोसले आणि राणीसाहेब सत्त्वशीलादेवी यांनी वृद्ध चितारी पुंडलिक यांच्याकडून ही विद्या नव्या मुलांच्या हाती जावी म्हणून राजवाड्यातच काम सुरू केले. राणीसाहेब स्वतः ती कला शिकल्या. त्यामुळे परंपरेचा धागा तुटला नाही, आणि २०२४ साली सावंतवाडीच्या गंजिफ्याला भौगोलिक मानांकनही मिळाले.

इटलीचे जुने छापील पत्ते आज जे उपलब्ध आहेत, त्यांतील पुष्कळसे जुन्या पुस्तकांच्या पुठ्ठ्यांतून निघाले आहेत. रद्दी म्हणून बांधणीत घातलेले ताव पुढे अभ्यासकांनी सोडवून घेतले. आपल्या गंजिफ्याला राजवाड्याच्या पेट्यांनी आणि काही थोड्या माणसांच्या आस्थेने तारले. दोन्ही ठिकाणी वस्तू वाचल्या, पण एक भेद ध्यानात घेण्याजोगा आहे. रद्दीतून निघालेला पत्ता हा केवळ अवशेष असतो. सावंतवाडीचे पान आजही रंगवले जाते, घोटले जाते आणि त्याची पाठ आजही एकरंगी राखली जाते. मात्र आज त्यातील पुष्कळसे जोड शोभेसाठी विकत घेतले जातात, खेळण्यासाठी नव्हे. शोभेच्या पानाला पाठ एकसारखी असण्याची गरज नसते. ती गरज खेळाची आहे. गंजिफा खऱ्या अर्थाने जगावा असे वाटत असेल, तर त्याच्या तोंडावरच्या अवतारांचे कौतुक करून भागणार नाही. ती पाने पिसली गेली पाहिजेत, वाटली गेली पाहिजेत आणि दिवसा रामाने, रात्री कृष्णाने डाव सुरू झाला पाहिजे. चिताऱ्याने पाठीवर काहीही न काढण्याचे जे कष्ट घेतले, त्यांचे मोल तेव्हाच कळेल.